तारेखालची चार बोटं

आमच्या घरात ओरडायचं खातं माझ्याकडे आहे. दूध उतू गेलं की मी ओरडते, ओल्या पायांनी कुणी शिवणखोलीत शिरलं की ओरडते, आणि काहीच बिघडलं नसेल तर आता नक्की काहीतरी बिघडणार म्हणून ओरडते. गल्लीत मला भोंगा म्हणतात. मला ठाऊक आहे, आणि म्हणणाऱ्यांनाही ठाऊक आहे की मला ठाऊक आहे. आमचे हे तर म्हणतात, तुझा आवाज येत असला म्हणजे घरी सगळं ठीक चाललंय असं समजावं. वर हसतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या ओरडण्याने हा माणूस एकदाही दचकलेला नाही.

मी शिडं शिवते. फाटलेली शिडं, होड्यांवर टाकायची जाड कापडं, दुकानांपुढची छपरं, जे येईल ते. हे होड्यांच्या तारा आणि दोऱ्या बसवून देतात. म्हणजे शीड माझं आणि ते ज्याच्यावर चढतं ते सगळं ह्यांचं, आणि वारा नीट लागला नाही की दोष नेमका कुणाचा यावर आमचं भांडण ठरलेलं. आमच्या मुलीला आम्ही बारकी म्हणतो. ती माझ्यापेक्षा हातभर उंच झाली तरी बारकीच. तिला लहानपणापासून होडीचं वेड. त्यात माझा दोष नाही, बापाचं रक्त.

आमची स्वतःची एक छोटी कॅटमरान आहे. दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी, त्यांना धरून ठेवणाऱ्या दोन आडव्या ॲल्युमिनियमच्या नळ्या, नळ्यांवर ताणलेली जाळी, आणि पुढच्या नळीच्या मधोमध ॲल्युमिनियमचीच डोलकाठी. आम्ही तिला जोडी म्हणतो. काठीला तीन तारा, एक पुढे, दोन बाजूंना. तारेच्या खालच्या टोकाला भोकाभोकांची पट्टी असते. हव्या त्या भोकात पिन घालायची, पिन निसटू नये म्हणून तिच्यात कडी अडकवायची, की झालं. पुढची तार एक भोक आवळली आणि बाजूच्या सैल सोडल्या की काठी ताठ होते. उलट केलं की मागे कलते. कितवं भोक यावरून माणसं एकमेकांशी बोलायची बंद झालेली मी पाहिली आहेत.

बाकी सगळे काठी किनाऱ्यावर नेऊन उभी करतात. आम्ही घरच्या अंगणात करतो. ही मामंजींची पद्धत, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. किनाऱ्यावर वाळू भुसभुशीत, पाय रुततात, चार माणसं लागतात. अंगणात शिवणखोलीचं बसकं छप्पर आहे. त्यावर काठीचं टोक टेकवायचं, एकाने पुढून तार ओढायची, दुसऱ्याने बुंधा दाबायचा, दोघांत काम फत्ते. मग काठी उभी असलेलीच जोडी दोनचाकी गाड्यावर घालून गल्लीतून पाण्यापर्यंत ओढत न्यायची. लोक हसायचे. मामंजी म्हणायचे, हसू दे, त्यांच्याकडे चार माणसं आहेत, आपल्याकडे अक्कल आहे.

गल्लीच्या वळणावर विजेचा खांब आहे आणि तिथून वरची मोठी तार रस्ता ओलांडते. मी नवी नवरी होते तेव्हा मामंजींनी जोडी त्या तारेच्या अलीकडे उभी करून, लांबून, डोळे बारीक करून अंदाज घेतला होता. काठी आणि तार यांच्यात चार बोटं जागा राहते, असा त्यांनी निकाल दिला. हे म्हणाले, पुष्कळ झाली. मीही मान हलवली, मला काय कळत होतं. तेव्हापासून जोडी त्या तारेखालून जाते. चार बोटं हे आमच्या घरात इतकं जुनं झालं की पुढे कुणी ते शब्दही उच्चारले नाहीत. बारकीला कुणी सांगितलं नाही. सांगायचं काय, तिने जन्मापासून जोडी तिथून जाताना पाहिलेली.

आणि ती चार बोटं होती ती काठी मागे कललेली म्हणून. भिंतीला लावलेल्या शिडीचे पाय पुढे ओढले की तिचं वरचं टोक खाली येतं, तसंच हे. ह्यांची काठी कायम मागे कललेली. मामंजींची तशी होती म्हणून ह्यांची तशी.

यंदा बारकी दूरच्या एका प्रशिक्षकाकडे शिकून आली. आली ती डोक्यात नवं वारं भरूनच. म्हणे काठी वाऱ्याप्रमाणे बदलायची असते. वारा मंद असला की ताठ, जोरात असला की मागे. बाबा, तू बारा महिने एकच भोक धरून बसतोस. झालं, बापलेकीची जुंपली. रात्रीच्या जेवणात मिठाच्या भांड्याची होडी आणि चमच्याची काठी झाली, पाण्याचा पेला लवंडला, आणि अर्थातच मी ओरडले. पण ऐकत होते. पोरगी मुद्द्याचं बोलत होती. ह्यांना ते पटायला दोन दिवस लागले, कबूल करायला आठवडा.

बारकीच्या संघनिवडीची शर्यत होती त्या सकाळी वारा अगदी पडलेला. ऊन मात्र उजाडल्यापासून तापायला लागलं होतं. हे चहा पिता पिता म्हणाले, "कर बाई, आज तुझ्या मनासारखं कर. मी धरतो काठी." बारकीचा चेहरा काय फुलला होता. मी मशीनवर होते. बाहेर दोघांचं चाललेलं ऐकू येत होतं, अजून एक भोक, नको, बास, अगं बास, बाबा अजून एकच. मग हे हसले. बरं वाटलं मला. पुष्कळ दिवसांनी दोघं एका कामात भांडणाशिवाय लागली होती. मी आतूनच ओरडून सांगितलं की टोप्या घाला, ऊन मरणाचं आहे. कुणीही उत्तर दिलं नाही.

माझ्या मशीनपुढे खिडकी आहे. तिच्यातून अंगणाची भिंत दिसते आणि भिंतीपलीकडे गल्ली. जोडी निघाली की मला फक्त काठीचा वरचा भाग भिंतीवरून सरकताना दिसतो. त्या दिवशी मी दोरा ओवता ओवता वर पाहिलं आणि एक काठी सरकत चाललेली दिसली. माझ्या मनात आलं, ही कुणाची होडी आमच्या गल्लीत शिरली. इतकी ताठ काठी आमची नव्हेच. मी सुईत दोरा घातला. टाका घातला. मग वरच्या टोकाला मीच बांधलेली लाल चिंधी दिसली.

आपलीच आहे, असं मी स्वतःशी म्हटलं. छान दिसते, असंही म्हटलं. आणि मग कुणीतरी थंड हात पाठीवर ठेवावा तसं झालं. ताठ, म्हणजे उंच. उंच, म्हणजे चार बोटं कुठे गेली?

खुर्ची पडली ती मला नंतर कळली. अंगावर शिवायचं कापड, तळहाताला सुई रेटायचा चामडी पट्टा, पायात काही नाही, तशीच मी पळत सुटले. फाटकाशी बारकी, खांद्यावर गुंडाळलेलं शीड, काखेत सुकाणूची दोन पाती, पायाने फाटक लोटून लावत होती. आई काय झालं, असं तिने विचारलं. मी तिला ढकलून पुढे गेले. उत्तर द्यायला वेळ नव्हता.

ह्यांची पाठ दिसली. गाड्याची दोरी खांद्यावर घेऊन, मान खाली घालून, जोडी ओढत चाललेले. पाय अनवाणी, वाळूत जायचं म्हणून. वळण पन्नासेक पावलांवर होतं. मी ओरडले. थांबा म्हणून ओरडले, तार म्हणून ओरडले, काठी म्हणून ओरडले. गल्लीतल्या कुणीही खिडकी उघडली नाही. भोंगा वाजला, इतकंच. आणि ह्यांनी काय केलं? मागे न बघता एक हात वर केला. हा हात मी वर्षानुवर्षं पाहत आलेय. त्याचा अर्थ, ऐकलं, कळलं, करतो, आता पुरे.

माझ्या आयुष्यात मला माझ्या आवाजाचा इतका राग कधीच आला नव्हता.

मी पळतच होते. जोडी वळणाशी पोचली. काठीचं टोक तारेला लागलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तार थोडी वर उचलली गेली आणि जोडी अडली. ठिणगी उन्हात नीट दिसलीही नाही, एक बारीक चटका दिल्यासारखा आवाज आला. हे दोरी ओढत होते, ते अडखळले. परत एक हिसका दिला. नायलॉनची कोरडी दोरी, तिनेच वाचवलं तोवर. मग गाड्याच्या चाकातून हिस्स असा आवाज यायला लागला.

हे वळले. मी पाहत होते, आणि ह्यांच्या मनात काय चाललंय ते मला स्वच्छ वाचता येत होतं, इतक्या वर्षांचा संसार. चाकातली हवा गेली. आता नेमकी आजच हवा गेली. वर बघायचं ह्यांना सुचलंच नाही. अडलं तर खाली अडतं, वर काय असतं, आभाळ. ह्यांनी दोरी खांद्यावरून काढून टाकली आणि चाकाकडे निघाले. एक हात चाक चाचपायला खाली, दुसरा हात आधाराला पुढच्या नळीकडे. त्याच नळीवर काठी उभी होती, आणि काठी तारेला चिकटलेली.

मी पुन्हा ओरडायला तोंड उघडलं आणि काही आलं नाही. तोंड उघडं आणि आत नुसती हवा. स्वप्नात होतं तसं. मी तिथेच उभी राहिले. मनात एवढंच होतं की आता हा माणूस माझ्यासमोर जाणार आणि मी गप्प उभी राहून बघणार.

आणि हे थांबले. हात नळीपासून वीतभर अंतरावर. मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, तू ओरडता ओरडता मध्येच गप्प झालीस. मला वाटलं, पडलीस की काय.

मी बोट वर केलं. त्यांनी बोटाच्या दिशेने वर पाहिलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मी सांगणार नाही. हात आखडून घेतला, छातीशी धरला, दुसऱ्याच कुणाचा हात सांभाळावा तसा. मग एक एक पाऊल मागे, माझ्याकडे पाहत. चाकातून धूर यायला लागला होता, रबर जळाल्याचा वास सुटला होता. हे माझ्याजवळ पोचले आणि गल्लीच्या कडेला बसले. मी त्यांच्या शर्टाची बाही मुठीत धरली. सोडवेना.

बारकी मागून धावत येत होती. तिला अडवायला माझा आवाज परत आला आणि मग तो आवरला नाही. सगळी गल्ली बाहेर आली, कुणीतरी वीज कंपनीच्या कचेरीत फोन लावला, तार बंद झाली असं कुणीतरी येऊन सांगितलं. आणि मी तिथे, माणसांच्या गराड्यात, माझ्या पोरीला बोलले. जे तोंडाला येईल ते बोलले. दोन बुकं वाचून आलीस आणि बापाच्या जिवावर उठलीस. इतकी वर्षं काठी तशीच होती, आजोबांनी लावलेली, कधी काही झालं नाही, तू हात लावलास आणि आज हा माणूस कोळसा झाला असता. हे सगळं मी म्हटलं. शेवटचं वाक्य तर दोनदा म्हटलं.

बारकी एक शब्दही उलट बोलली नाही. ती, जी मिठाच्या भांड्यावरून आठवडाभर भांडते. खांद्यावरचं शीड तिने सावकाश खाली ठेवलं, सुकाणूची पाती त्याच्यावर ठेवली आणि घरी निघून गेली. काठी तर ह्यांनीही धरली होती. भोकं मोजून हसले होते. पण हे मूग गिळून बसले. त्यांची बोलती अजून परत आली नव्हती हे मला आता कळतं. तेव्हा मला वाटलं, त्यांनाही माझंच म्हणणं पटलंय.

घरी आणून मी ह्यांना पाणी दिलं. पेला मीच धरला. मग हे अंगणात जिथे जोडी असते त्या रिकाम्या जागेकडे बघत बसले. आत बारकीच्या खोलीचं दार बंद. मी दोनदा दारापर्यंत गेले आणि माघारी आले. राग अजून उतरला नव्हता. खरं सांगायचं तर भीती उतरली नव्हती, आणि मला भीती वाटली की राग येतो, हे माझं जन्माचं दुखणं आहे. शर्यत कधीच सुटली असणार. तिचं नाव कुणी काढलंही नाही.

दुपारी वायरमन आला. पोट सुटलेला, कपाळाला आठ्या, आल्याआल्या आम्हाला दोन शिव्या हासडल्या आणि त्या आम्ही निमूट ऐकून घेतल्या. त्याने आणि ह्यांनी मिळून काठी उतरवली. गल्लीतच दोन स्टुलं मांडून त्यांवर आडवी ठेवली. गाड्याची चाकं जळून चिकट गोळा झाली होती. वायरमनने खिशातून फडकं काढलं, काठीचं टोक पुसलं आणि वाकून पाहायला लागला. त्याला ते कागदावर लिहायचं होतं, कुठे लागलं वगैरे.

टोकाला अंगठ्याच्या नखाएवढा काळा डाग होता, धातू वितळून कडेला फुगलेला. हे आजचं, तो म्हणाला. मग त्याने काठी थोडी फिरवली. परत फडकं मारलं. परत फिरवली.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

आम्ही दोघं वाकलो. काळ्या डागाच्या आजूबाजूला बारीक बारीक खड्डे होते. मोहरीच्या दाण्याएवढे. काही करडे, काही पांढरट बुरशी धरल्यासारखे, काहींच्या आत खार साचून घट्ट झालेला. एक नव्हता, दोन नव्हते. टोकाची ती बाजू देवी आलेल्या चेहऱ्यासारखी झाली होती. मी दर वर्षी तिथे लाल चिंधी बांधायचे, नेमकी त्यांच्यावरच, आणि मला ते गंजाचे वाटायचे.

हे म्हणाले, घासलं असेल कशाला तरी. त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता.

"घासलेलं नाही हे," वायरमन म्हणाला. "ठिणगी पडलीये. आजची नाही, जुनी. दर वेळची."

ह्यांनी त्याला चार बोटांची गोष्ट सांगितली. मामंजींनी घेतलेला अंदाज, काठी मागे कललेली, कधी काही झालं नाही. वायरमन ऐकत होता. मग त्याने विचारलं, तो अंदाज कधी घेतला होता, थंडीत की उन्हात. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नवी नवरी होते. मामंजींच्या गळ्याभोवती लोकरीचा पट्टा होता, आणि मला हसू आलं होतं, कारण त्याचं एक टोक उसवलेलं होतं आणि मला ते शिवून द्यावंसं वाटत होतं.

थंडीत, मी म्हटलं.

वायरमनने नुसती मान हलवली. तार उन्हात सैल पडते, तो म्हणाला, कपडे वाळत घालायची दोरी ओझ्याने लोंबते तशी उन्हाने लोंबते. थंडीत चार बोटं असतील तर ऐन उन्हाळ्यात काहीच नाही. चाटून जात असणार. बेताने चाटून जात असणार, म्हणून अडकत नव्हती, म्हणून कुणाला कळत नव्हतं. त्या क्षणी कुणाचा हात धातूला असता आणि पाय जमिनीला, तर कळलं असतं. एवढं बोलून तो लिहायला लागला. त्याच्या दृष्टीने काम संपलं होतं.

ह्यांनी काठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. म्हणाले, आम्ही दोरीने ओढायचो, नेहमी दोरीनेच, धातूला कुणी हात लावत नसे. जणू वायरमनला नाही, स्वतःलाच पटवून देत होते. मी मान डोलावत होते. दोरीनेच ओढायचो, खरं आहे. आणि मग माझ्या डोळ्यांपुढे ते वळण आलं, पुष्कळ वर्षांपूर्वीचं.

बारकी लहान होती, पाण्यापर्यंत चालवत नसे तेव्हाची गोष्ट. आम्ही तिला जोडीच्या जाळीवर बसवून न्यायचो. तिला ती मिरवणूक वाटायची. एका हाताने ती काठीची बाजूची तार घट्ट धरून ठेवायची, पडू नये म्हणून. मीच शिकवलं होतं तिला, तार धर म्हणून. वळणावर हे गाडा वळवायला थांबत, विजेच्या तारेच्या अगदी खाली, आणि जोडी हलली की ती घाबरायची. मोकळा हात पुढे करायची. आई, घे. मी अनवाणी असायचे, आम्ही सगळेच अनवाणी असायचो. मी तिला उचलून घ्यायचे. दर उन्हाळ्यात. दर वेळी. ती एका हाताने तार सोडायची नाही आणि मी तिला ओढायचे, सोड गं, म्हणायचे, ओरडायचेही.

गल्लीच्या कडेला जाऊन मी बसले. हे आले, पाठीवर हात फिरवायला लागले. काय झालं, काय झालं. मी त्यांना सांगितलं नाही. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि कळलं की त्यांनाही आठवलं आहे. त्यांनी वळणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खाली. दोघांनीही तिचं नाव घेतलं नाही.

वायरमन गेल्यावर मी घरात गेले. दार अजून लावलेलंच होतं, पण कडी नव्हती. बारकी जमिनीवर बसली होती, पाठ पलंगाला लावून. शर्यतीचे कपडे तसेच अंगावर. रडून डोळे सुजलेले. मला बघून ती म्हणाली की ती प्रशिक्षकाला कळवून टाकणार आहे, यापुढे ती होडीला हात लावणार नाही. मला ते आधीच पाठ करून ठेवल्यासारखं वाटलं. सकाळपासून तेच म्हणत बसली असणार. मग म्हणाली, "आई, मला खरंच माहीत नव्हतं गं तारेचं."

मी तिच्यासमोर बसले. काठीच्या टोकाचं सांगितलं. खड्ड्यांचं सांगितलं, थंडीतल्या अंदाजाचं सांगितलं. तू काठी ताठ केलीस म्हणून ती अडकली, आणि अडकली म्हणून दिसली, असं मी म्हटलं. तू हात लावला नसतास तर आम्ही असेच जात राहिलो असतो, एक दिवस कुणाचा तरी जीव जाईपर्यंत. सकाळी मी जे बोलले ते सगळं खोटं होतं. हे म्हणताना माझा आवाज इतका बारीक झाला होता की ती वाकून ऐकत होती.

ती हुशार आहे. तिला फार सांगावं लागत नाही. तिचा चेहरा हळूहळू बदलला. भिंतीवर तिचा लहानपणीचा एक फोटो आहे. जाळीवर बसलेली, एका हाताने तार धरलेली, तोंडभर हसणारी. तिने त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"मला तिथे उतरवून कोण घ्यायचं?" तिने विचारलं.

तिला जवळ घ्यावं म्हणून मी हात पुढे केला, आणि माझा हात तिच्या दंडापासून वीतभर अलीकडे अडला. पुढे जाईना. मी माझ्या हाताकडे पाहत होते. माझी मुलगी समोर बसली होती, जिवंत, सुजलेल्या डोळ्यांची, आणि मला तिला शिवायची भीती वाटत होती.

बारकी माझ्या हाताकडे पाहत राहिली. मग तिनेच तो धरला.